बाबांचा अंगठा

बाबा गेल्यावर त्यांची गिटार मुलीकडे आली, पण तिच्यातून त्यांचा आवाज काही केल्या निघेना. मुलीने हौसेने वाढवलेली नखं कापून टाकली. नखाऐवजी अंगठ्याच्या मऊ कडेने तार छेडून पाहिली. तरी आतल्या खोलीतून आई म्हणायचीच, "छान वाजवतेस गं, पण ह्यांचा अंगठा तार पटकन सोडायचा नाही. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला जावं, तसा तिच्याबरोबर थोडा जायचा."

त्या दुपारी मुलीने जुन्या तारा उतरवल्या, गुंडाळून टेबलावर ठेवल्या आणि मांडीवरची बिनतारांची गिटार फडक्याने पुसायला घेतली.

"आज जमलं बाई तुला!" आई आतून म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती बाबांची आवडती चाल गुणगुणत होती. ते जिथे रेंगाळायचे, नेमकी तिथेच रेंगाळत होती.

मुलीला कसलाच आवाज येत नव्हता. "आई, अगं, मी तर..."

"बोलू नकोस. वाजव."

तिने गिटारीवर तळहात टेकवला. लाकूड थरथरत होतं. घाबरून तिने हात तसाच घट्ट दाबून धरला.

आतलं गुणगुणणं तुटलं.

"का गं, थांबलीस का?" आईचा आवाज एकदम थकला होता.

झोपलेल्या बाळावरून काढावा, तसा मुलीने हात अलगद काढून घेतला.

चाल जिथे तुटली होती, तिथूनच आई पुढे गुणगुणू लागली.