पलीकडचा ठिपका

"शुक्रवारी पलीकडचा सर्व्हर बंद करतोय आपण," मॅडम म्हणाल्या, आणि वाटाड्यानं हातातला चहा तसाच खाली ठेवला.

वाटाड्या हे त्याचं ऑफिसातलं नाव. कामच तसं होतं. जगात कुठूनही कुणी कंपनीकडची एखादी साइट उघडली, की तो माणूस कुठला हे ओळखून त्याला जवळच्या सर्व्हरकडे धाडायचं. इथल्यांना इथला, समुद्रापलीकडच्यांना पलीकडचा. माणसाला काही कळतही नाही, पान फक्त झटकन उघडतं.

"तिथे माझी एक साइट आहे," तो म्हणाला.

"ती चित्रांची ना? इथल्या सर्व्हरवर राहीलच की ती."

राहील, पण ठिपका दिसणार नाही. हे आता यांना कसं सांगायचं?

ती साइट खारूची, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीची. शाळेत असताना तिनं काढलेली चित्रं बापलेकीनं एका सुट्टीत बसून तिथे चढवली होती. तो पत्ता घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. पुढे खारूनं आपल्या मनानं लग्न ठरवलं. त्यानं घर डोक्यावर घेतलं. "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस," म्हणाला. ती नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडे गेली आणि बापाचं हे एवढं बोलणं मात्र तिनं तंतोतंत ऐकलं. फोन नाही, निरोप नाही. नंबरसुद्धा बदलला.

घरात तिचं नाव काढायचं नाही, हा फतवाही त्याचाच. सुरुवातीला रागात काढलेला, आणि राग ओसरल्यावर लाजेपोटी मागे न घेतलेला. त्या घरात मग बोलण्यासारखं फारसं काही उरलंच नाही.

एकदा कुणाला न विचारता त्यानं त्या साइटची एक प्रत पलीकडच्या सर्व्हरवर ठेवली. काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, त्याच्या पडद्यावर साइट कुठून उघडली ते दाखवणारा नकाशा असे, त्यावर पलीकडे एक ठिपका उमटला. कुणीतरी चित्रं पाहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. इथे दुपार म्हणजे तिथे सकाळ. कामाला निघण्यापूर्वी बघत असेल पोरगी. त्या ठिपक्यावर त्याचा दिवस निघायचा. सुट्टीच्या दिवशी ठिपका नसे, तेव्हा त्याला जेवण जात नसे.

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. तीही दिवसभर कानाला हेडफोन लावून जेवणाच्या टेबलावर बसलेली. एका परदेशी कंपनीचं टायपिंगचं काम करायची. कंपनीनं दिलेला लॅपटॉप असा शिष्ट, की घरातल्या प्रिंटरला ओळख देत नसे; काहीही उघडायचं तर आधी समुद्रापलीकडच्या कंपनीतून वळसा घालून यायचा. "शेजारच्या खोलीत जायचं तर हा आधी विमान पकडणार," अशी त्याची थट्टा पूर्वी तो करायचा. पूर्वी, म्हणजे घरात हसायची पद्धत होती तेव्हा.

शेवटी त्यानं मॅडमना सगळं सांगून टाकलं.

"ठिपका माणसाचा नसतो," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या वतीनं पत्ता विचारणाऱ्या यंत्राचा असतो. माणूस भलतीकडेच असू शकतो. तुम्हीच शिकवलंत मला."

"ते गिऱ्हाइकांच्या बाबतीत," तो म्हणाला.

मॅडमनी वाद घातला नाही. "शुक्रवारपर्यंत चालू आहे," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी तो मोडक्या कीबोर्डांच्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"खारू, मी बाबा बोलतोय. तू निघालीस त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नव्हतो. वरच्या मजल्याच्या जिन्यात बसलो होतो. तू जाता जाता परत येऊन बेल दाबलीस, ती ऐकली मी. मला वाटलं, आता हाक मारशील. टॅक्सी गेल्यावर खाली आलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. माझं चुकलं गं बाळा. एकदा फोन कर."

आवाज मध्येच फुटला होता. त्यानं तो तसाच राहू दिला. चित्रांच्या वर त्यानं हे बोलणं लावलं, पण फक्त पलीकडच्या प्रतीवर. इथल्या प्रतीला हातसुद्धा लावला नाही. पलीकडून येईल त्यालाच ते ऐकू येणार होतं, आणि पलीकडून येणारं सगळ्या जगात एकच माणूस होतं.

दुपारी ठिपका उमटला.

रोज तो थोडा वेळ थांबून जायचा. आज हललाच नाही. बोलणं शेवटपर्यंत वाजलं. पुन्हा वाजलं. मग पुन्हा. वाटाड्या पडद्यासमोर लहान पोरासारखा रडला. मॅडमनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवली.

संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. नसू दे. ऐकलं तर आहे! एवढी वर्षं अबोला धरलेली पोर, एका दिवसात कशी बोलेल? तो फोन हातात धरूनच घरी आला. जिना चढतानाही त्याची नजर फोनवरच होती.

घरात दिवा लावलेला नव्हता. बायको टेबलापाशीच बसली होती. लॅपटॉप मिटलेला, हेडफोन गळ्यात.

"बरं नाही का?" त्यानं विचारलं.

त्यानं दिवा लावला आणि फोन टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला.

"कुणाचा फोन यायचाय?"

"येईल," तो म्हणाला. आज फतवा मोडायचा, खारूचं नाव घ्यायचं, असं ठरवूनच तो आला होता. त्यानं खुर्ची ओढली. पण तिनंच आधी तोंड उघडलं. डोळे सुजलेले होते आणि आवाज अगदी शांत होता.

"जिन्यात बसला होतात, तर बेल वाजल्यावर खाली का नाही हो उतरलात?"