इश्वरकाकांचा मोडका पाय

“दोन्ही पाय बांध ना, पोरी. एकच काहून?”

रंजिता हसली. “काका, तुमचा एकच मोडलाय. कार्डावर तसं लिहिलंय.”

“पुराचा काय भरोसा? दोन्हीबी मोडू शकते.”

खरं तर इश्वरकाकांचे दोन्ही पाय ठणठणीत होते. सकाळीच ते बांधावरून चक्कर मारून आले होते. पण आज पुराची रंगीत तालीम होती. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची मुलं त्यासाठी भंडाऱ्याहून वैनगंगेकाठच्या या गावात आली होती, आणि खोटे जखमी गावातूनच घ्यायचे होते. बाकीच्यांच्या विनवण्या कराव्या लागल्या. इश्वरकाकांनी मात्र आपणहून नाव दिलं. अट एकच, तालीम मंगळवारी नको, गुरुवारी ठेवा. म्हाताऱ्या माणसाला असेल काही काम, म्हणून मुलांच्या शिक्षिका कुसुम मॅडमनी गुरुवार ठरवला.

काका आले तेही कोरं धोतर नेसून, डोक्याला तेल चोपडून.

“काका, पुरातून काढलेला माणूस इतका टापटीप नसतो,” रंजिताच्या गटातला अनुप म्हणाला.

“फोटो निघते ना, बापू. मंग?”

रंजितानं शेवटी दोन्ही पायांना फळ्या बांधल्या. जास्तीची काळजी घेतल्याबद्दल कुणी गुण कापत नाही, असा तिचा हिशेब. मग तिनं नियम सांगितला. मोडलेला पाय वाटेत कुठंही जमिनीला टेकता कामा नये.

“अजिबातच नाही?” काकांनी विचारलं.

“टेकला तर आम्ही नापास.”

काकांचा चेहरा असा खुलला की जणू परीक्षा त्यांचीच होती.

परीक्षा रंजिताची होती. आज जो गट पास होईल तोच पावसाळ्यात जिल्ह्याच्या बचाव पथकाबरोबर जाणार होता, आणि तिला जायचंच होतं. दोन वर्षांपूर्वी सिहोऱ्याच्या पुरात तिच्या आजीला लोकांनी पाण्यातून काढलं, पण हातपाय धरून, पोतं उचलावं तसं. आजी वाचली. कंबर मात्र कायमची गेली. त्या लोकांचा रंजिताला राग नव्हता. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, याचा होता.

शिट्टी वाजली. पंधरा मिनिटांत शाळा गाठायची होती. चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि मे महिन्याच्या उन्हात निघाले.

चावडीपाशी काका एकदम ओरडले, “थांबा! शाळेकडं नोका जाऊ. पूर आला का पयले शाळाच बुडते.”

“पण काका, कागदावर शाळाच आहे.”

“कागद भंडाऱ्यात लिवला. पाणी इथं येते.”

रंजिता गोंधळली. सरळ गेलं तर वेळेत पोचणार. पण वर्गात मॅडमनीच दहादा सांगितलं होतं, नकाशापेक्षा गावातल्या माणसाचं ऐका. आपली परीक्षा बघायला हा पेच मुद्दाम घातला असणार, असं तिला वाटलं.

“मग कुठं न्यायचं?”

“डावीकडं वळा. तो हिरवा मांडव दिसून राहिला ना? ते घर. उंच हाये, सावली हाये, पाणी हाये, हाताशी माणसं हायेत. अजून काय पायजे?”

“काका, तिथं लग्न आहे वाटतं,” अनुप म्हणाला.

“पूर काय मुहूर्त पाहून येते?”

हे बिनतोड होतं. रंजितानं खूण केली आणि स्ट्रेचर डावीकडं वळलं.

जांभळाच्या डहाळ्यांच्या मांडवात हळद लागत होती. बायकांचं गाणं चालू होतं. दोन्ही पायांना फळ्या बांधलेला माणूस आत येताना पाहून गाणं थांबलं. घरमालकीण उषाबाईनं झटकन डोक्यावर पदर घेतला. तिचा नवरा आनंदराव पाण्यानं भरलेला पितळी गुंड हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“खाली ठेवू का?” अनुपनं विचारलं.

“नोको!” काका केवढ्यांदा ओरडले. “धरून राहा.”

तेवढ्यात मॅडम धापा टाकत आल्या, मागोमाग तालीम पाहायला निघालेला गावातला कवडू. “रंजिता, शाळा सोडून इथं कशाला?”

“मॅडम, पुरात शाळा बुडते ना...”

“शाळा?” कवडू म्हणाला. “माह्या जल्मात शाळेत पाणी नाही शिरलं.”

रंजिताचे डोळे भरून आले. एका म्हाताऱ्याच्या थापेपायी सगळं गेलं होतं.

पण तिच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. पाटावरून नवरी गुड्डी उठली. “मोठेबाबा!” म्हणत ती पिवळ्या हातांनी धावत आली आणि तिनं काकांच्या दोन्ही गालांना हळद फासली. काका लहान मुलासारखे रडत होते आणि हसतही होते. आनंदरावाच्या हातातला गुंड कधी कलंडला, त्यालाही कळलं नाही.

मॅडम घड्याळाकडं, मग फळ्यांकडं बघत राहिल्या. “रुग्णाला धक्का नाही. वेळेत आणलं. गावातल्या माणसाचं ऐकलं. पास.” रंजिताला मांडवातच नाचावंसं वाटलं. मॅडम काकांकडं वळल्या. “पण खोटं का बोललात, काका?”

काकांच्या आधी उषाबाईच बोलली. “माहे भासरे हायेत, मॅडम. यायचे सख्खे मोठे भाऊ. बारा वर्षं झाली भांडणाले. मी पाया पडली, पोरगी पत्रिका घेऊन गेली, आयकलंच नाही. जीव गेला तरी तुमच्या आंगणात पाय ठेवणार नाही, म्हणून शपथ घेतली होती.”

चौघांनी धरून ठेवलेल्या स्ट्रेचरवरूनच इश्वरकाकांनी मान उंचावून भावाकडं पाहिलं.

“मंग? ठेवला का म्या?”