काढलेला प्लग

नवऱ्याचा, म्हणजे आल्हादचा, व्हॉल्व्हचा जुना ट्रान्समीटर पुरेशी पॉवर देईना, तेव्हा मालिनीने मुद्दाम त्याच्या मित्राला, दिवाकरलाच इंदिरानगरच्या घरी बोलावलं. गेल्या वर्षी आल्हादने याच सेटमध्ये हात घातला, तेव्हा प्लगपाशी दिवाकर उभा होता. “काढलाय,” असं तो न बघताच म्हणाला होता. मालिनी धावत आली तेव्हा आल्हाद गेलेला होता आणि प्लग भिंतीतच होता. नंतर दिवाकर सगळ्यांना सांगत सुटला, की आल्हादच उतावळा.

“व्हॉल्व्ह दमलाय, वहिनी. बदलून बघतो.”

दिवाकरने सेट बंद केला, स्क्रू-ड्रायव्हर टेकवून आत साठलेला करंट उतरवला आणि तो मागच्या बाजूने वाकला. मालिनीने प्लग उपटून मुठीत धरला.

पुढच्या बाजूला, फक्त तिलाच दिसणारा पॉवरचा काटा शून्यावर होता. दिवाकरचा हात आत सरकला, तसा काटा हलला. हात बाहेर आला, काटा पडला. हात पुन्हा आत गेला आणि सकाळी सेट चालू असतानाही निम्म्यावर अडून बसलेला तो काटा सरळ लाल खुणेकडे निघाला.

मालिनीने मूठ उघडून पाहिली. प्लग तिथेच होता. त्याच्या पितळी पिना गरम लागत होत्या.

दिवाकरची बोटं अजून व्हॉल्व्हपर्यंत पोचली नव्हती. सावध करायला एक शब्द पुरला असता.

“वहिनी, प्लग काढलाय ना?” त्याने आतूनच विचारलं.

तिने मूठ घट्ट मिटली.

“काढलाय, भाऊजी.”

खोटं बोलायची तिला गरजच नव्हती.