वीस घरांना निरोप

गेल्या पावसाळ्यात राघोच्या बायकोचा, जनीचा, देह दरडीखालून काढला, त्याच दिवशी त्याला कळलं. डोंगर सरकत असल्याचा, उपग्रहाच्या फोटोंवरून दिलेला इशारा पोलीस पाटील साईनाथच्या मोबाइलवर आदल्या सकाळीच आला होता. "आभाळातून त्यांना आपला डोंगर काय दिसतोय रे?" असं म्हणून तो हसला आणि कुणालाच बोलला नाही.

यंदा मुरबाडच्या साहेबांनी इशारा वाडीत पोचवायचं काम राघोला दिलं. आज सकाळी इशारा आला, वाडीतली वीसही घरं हलवा. राघो भरपावसात दारोदार फिरला. म्हाताऱ्यांना त्याने पाठीवर घेऊन शाळेत आणलं.

"कोण मागं राहिलं नाय ना रे, राघो?" चंदाकाकूने विचारलं.

"नाय काकू. तुमी चाय घ्या."



एकोणीस घरं रिकामी झाली होती. ओढ्यापलीकडे साईनाथला सांगायचं राहिलं होतं.