ताटावरचं नाव

जबलपूरच्या शाळेत आमची नात धडा घडाघडा म्हणायची, पण तो पाठ केलेला असायचा. अक्षर तिला ओळखू येत नसे. सदर बाजार भागातल्या शिकवणीच्या दीदी म्हणाल्या, हातासोबत तोंडही चाललं की अक्षर मेंदूत बसतं. तेव्हापासून बायको तिला मोठ्याने म्हणत ताटातल्या रव्यात अक्षरं गिरवायला लावायची. मी वैतागलो की म्हणायची, “काहून घाई करून राहिले? वाचेल ती.” पौषात बायको गेली. काल नातीने ते ताट स्वतःच काढलं. रवा पसरताना काठावर कोरलेल्या अक्षरांना तिचं बोट लागलं. “वि... न... ता. आबा, ही विनता कोण आहे?” हे काही पाठ केलेलं नव्हतं. “तुझी आजी,” मी म्हणालो. “मग तुम्ही तिला नुसतं ‘ऐकतेस का’ काहून म्हणायचे?” मी रव्यात तेच नाव गिरवलं. हात चालला, तोंड चाललं नाही.