मालकी आल्प्सपर्यंत

इटलीतल्या प्रातोच्या बंद कापडगिरणीत पाऊल टाकताच गेर्लिंडेनं आपले चारही माग दारातूनच ओळखले. जर्मनीतल्या तिच्या कारखान्यात अठरा माणसांनी वर्षभर खपून ते बनवले होते. गिरणीनं पैसे दिलेच नाहीत आणि मार्चमध्ये गिरणीचं दिवाळं वाजलं. गेर्लिंडे माग परत न्यायला आली होती. ट्रक बाहेर उभा होता.

दिवाळ्याचं काम कोर्टानं वकील बेनास्सींकडे सोपवलं होतं. त्यांनी तिचा करारनामा दोनदा वाचला. पूर्ण किंमत मिळेपर्यंत माल विकणाऱ्याचाच, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली दोघांच्या सह्या होत्या.

“तुमच्या जर्मनीत एवढं पुरतं,” ते म्हणाले. “इथे दिवाळ्याच्या आधीची, कुणाला नाकारता येणार नाही अशी तारीख लागते. टपालाचा शिक्का असता तरी भागलं असतं. आता माग गिरणीचेच धरून विकले जातील आणि पैसे सगळ्या घेणेकऱ्यांत वाटले जातील.”

सीमेवर ना फाटक ना चौकी, असं ती म्हणाली. चार टनांचे माग कुठे अडले नाहीत, मग एक कागद कसा अडला?

बेनास्सींनी चष्मा काढला. याबाबत साऱ्या युरोपात एकच कायदा असावा म्हणून नेमलेल्या समितीत आपण सहा वर्षं होतो, असं त्यांनी सांगितलं. एक कायदा सगळ्यांनाच हवा होता, फक्त तो आपापला.

“मग मसुद्याचं काय झालं?”

“आहे ना, माझ्या कपाटात. चांगला झालाय, बाई.”

तिनं आपल्या कारखान्यात मुकादम फोल्कमारला फोन केला, ट्रक रिकामाच येतोय म्हणून कळवलं. तो रागावला नाही. माणसांना आजच सांगू की सोमवारी, एवढंच त्यानं विचारलं.

तेवढ्यात माग बघायला एक गिऱ्हाईक आलं. पहिला माग चालू केला, तर धागा सारखा तुटू लागला. गिऱ्हाईक मान हलवत मागे सरलं. गेर्लिंडे दारापर्यंत पोचली होती. अडखळत्या मागाचा तो आवाज तिला ऐकवेना. ती परत फिरली, पाना मागून घेतला, गुडघे टेकून ताण्याच्या उभ्या धाग्यांचा ताण सारखा केला. माग सरळ चालू लागला.

गिऱ्हाईक खूश झालं. बेनास्सींकडे वळून त्यानं विचारलं,

“ही बाई मागासोबतच मिळते का?”