गाभण गाईचे मस

डॉक्टरांनी गाईची शेपटी वर धरली आणि वाकून पाहिलं. निरणाच्या, म्हणजे गाईच्या योनीच्या, काठावर फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे मस आले होते, एकाला एक लागून. उज्ज्वला दावं धरून उभी होती. शेण काढताना तिनंच ते आधी पाहिले होते आणि पाहताक्षणी ओळखले होते. तसेच तिलाही आले होते, जागाही तीच. तिला पाचवा महिना चालू होता. मसांचं तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

गाय सात महिन्यांची गाभण होती. काल संध्याकाळी सासूला, सुखीबाईला मस दिसले आणि आज सकाळी नऊला जनावरांचे डॉक्टर दारात. सासरे लालसिंग स्वतः घाटंजीला जाऊन त्यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आले होते. तांड्यातल्या दोन-चार बायाही येऊन हळहळून गेल्या.

हा विषाणू असतो, डॉक्टर म्हणाले. गाभणपणात अंगातली ताकद कमी पडते, मग मस जोर धरतात. व्याल्यावर बरेचदा आपोआप झडतात. लावायला औषध लिहून देतो. मग त्यांनी विचारलं, गाय कोणत्या सांडाला दाखवली होती?

तांड्याच्या नायकाच्या, लालसिंग म्हणाले.

"मंग तिथूनच आला. सांड चार ठिकाणी फिरते आन् गाईले देऊन जाते," डॉक्टर म्हणाले.

लालसिंगांनी नायकाच्या सांडाला चार शिव्या हासडल्या. आता त्याला मोकळा फिरू देणार नाही, पंचायत बसवीन, म्हणाले. सुखीबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती. मुक्या जीवानं सांगावं तरी कोणाला, असं ती म्हणाली.

"पोटातल्याले काही होते काय?" उज्ज्वलानं विचारलं.

बहुतेक होत नाही, डॉक्टर म्हणाले. पण हयगय करू नका, फार वाढले तर विताना फाटून रक्त जातं.

"आन् बाईमाणसाले झालं तर?"

डॉक्टर हसले. पोटुशी पोरगी गाईची लागण होईल म्हणून भ्याली, असं त्यांना वाटलं. "गाईचं माणसाले होत नाही, बाई. माणसाचं माणसालेच होते."

तिनं दावं हातातल्या हातात एकदा पिळलं.

लालसिंग डॉक्टरांना सोडायला आणि औषध आणायला निघाले तेव्हा, आपल्यालाही घाटंजीला दवाखान्यात दाखवायचं आहे, एवढं ती कशीबशी बोलली. काय दाखवायचं ते सासऱ्यापुढं सांगता येईना. दुखते काय, सुखीबाईनं विचारलं. ती नाही म्हणाली. मग कायले जातं, सोमवारी तपासाले आशाताई येईनच, सुखीबाई म्हणाली. मले पाच लेकरं झाले, एकदाही दवाखान्याची पायरी चढली नाही. तोवर डॉक्टर मागच्या सीटवर बसले होते. मोटरसायकल निघून गेली.

दुपारी नवरा आला. सुनील पांढरकवड्याहून हैदराबादेला ट्रक नेत असे, पंधरा-पंधरा दिवसांनी घरी येई. आईनं त्याला ताट वाढलं आणि जेवता जेवता गाईची सगळी हकिकत सांगितली. हात धुऊन तो गोठ्यात आला. उज्ज्वला कापसाच्या बोळ्यानं औषध लावत होती. त्यानं एकदा शेपटीखाली पाहिलं आणि तोंड वाकडं करून मागं सरला. किळस येते, म्हणाला.

ती औषध लावत राहिली.

"आन् सांडाले बी हायेत काय असे?" त्यानं विचारलं.

उज्ज्वलानं बाटलीचं बूच घट्ट बसवलं. मग मान वर करून नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"काय मालूम," ती म्हणाली. "त्याले कोनी पायलंच नाही."